लेपाची परीक्षा

लेप दिलेल्या मशीनचं झाकण निघालं. आतल्या पाण्याच्या नळ्या लख्ख होत्या. डॉ. दिवाकर देवपुजारी टाळ्यांची वाट पाहत थोडे ताठ उभे राहिले. मग शेजारच्या, बिनलेपाच्या मशीनचं झाकण निघालं. तिच्याही नळ्या तितक्याच लख्ख होत्या.

रायपूरच्या त्या इस्पितळाला थंड ठेवणाऱ्या या दोन मशीनी. एकाच वयाच्या, एकाच पाण्यावर चालणाऱ्या. खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या शिंपल्याचं प्रथिन दिवाकररावांनी जिवाणूंकडून बनवून घेतलं होतं आणि त्याचा, नळीला कायम चिकटून राहणारा गुळगुळीत लेप एकीच्या नळ्यांना आतून दिला होता. त्यावर ना शेवाळ धरणार, ना क्षार. पाण्यात औषधं ओतायला नकोत, वीजही वाचेल, असा त्यांचा दावा. सहा वर्षांचं काम. आज चार महिन्यांनी नळ्या सारख्या, विजेचे आकडेही सारखे. म्हणजे लेप दिला काय अन् न दिला काय! आणि हे महाशय मागच्याच रविवारी ब्राह्मणपारा वस्तीतल्या मराठी मंडळाकडून शाल-श्रीफळ घेऊन मोकळे झाले होते. वर चाळीस मिनिटं भाषण.

"सर," त्यांची सहकारी ज्ञानदा कानाशी कुजबुजली, "लेपाच्या नळ्या स्वच्छ निघाल्या, एवढंच लिहू या. खोटं तर नाही."

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दिवाकररावांना क्षणभर मोह झाला. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

तपासणी समितीचे शुक्लाजी पेन उघडून उभे होते. "तो क्या लिखें, डॉक्टर साहब?"

"लिखिए, कोई फर्क नहीं पड़ा. छह साल में मैंने बस रंगाई-पुताई सीखी है."

कुणी हसलं नाही. भिंतीपाशी उभी असलेली सत्यभामा मात्र पुढे आली. ती मूळची भंडाऱ्याची. दोन्ही मशीनी तीच चालवायची.

"फरक काहून नाही, सर?" ती म्हणाली. "तुम्ही मले लेपवालीले हात लावू नको म्हणाले, मी नाही लावला. दुसरीचं काही बोललेच नाही. तिले तर मी दर सोमवारी चार-चार तास ब्रशनं घासून राहिली, तेव्हा कुठं ती अशी दिसते!"