डावी लेन

मास्तरांनी सीट पुढे ओढली, आरसा बोटाने जरासा खाली केला आणि चावी फिरवली. गाडी त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलची, त्यामुळे शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच. आज तिथे त्यांची मुलगी बसली होती.

"आई काय म्हणाली, लक्षात आहे ना बाबा?"

"आहे गं. घरापर्यंत गाडी मी आणली तर चावी माझी. नाही आणली तर तिच्या कपाटात. आणि तू एक अक्षर बोलायचं नाही." मास्तर फुरफुरले. "एकदा काय जरा वाट चुकलो, तर केवढा गाजावाजा!"

हायवे लागला आणि मास्तर स्कूलच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागले. "विमानतळ, सरळ. बंदर, उजवीकडची लेन. ही निळी पेट्रोल पंपाची." कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. अहो, अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस, तो पाट्या विसरणार होय? मुलीला एकदम हलकं वाटलं. आई उगाच साप साप म्हणून भुई धोपटते, हे घरी गेल्या गेल्या सुनावायचं तिने ठरवूनही टाकलं.

समोर मोठी हिरवी कमान आली. त्यांच्याच गावाचं नाव, खाली डावीकडे झुकलेला बाण. मास्तरांनी नाव खणखणीत वाचलं. "डावी लेन, एक किलोमीटर."

आता इंडिकेटर. पाटी वाच, मग ठरव, मग इंडिकेटर दे. हे त्यांनीच तिला ओरडून ओरडून शिकवलं होतं. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात स्टिअरिंगवरच होता आणि गाडी मधल्या लेनमध्ये.

"डावी लेन, पाचशे मीटर," मास्तरांनी पुढची पाटी वाचली.

अट गेली खड्ड्यात! "बाबा, पाटी वाचलीत ना?"

"वाचली की."

"मग?"

"मग काय? ज्यांना तिकडे जायचं ते जातील डावीकडे. आपण कशाला त्यांच्या आड यायचं?"

"बाबा, आपल्यालाच तिकडे..."

डावीकडून एक ट्रक लगटून चालला होता. मागून गाड्यांची रांग. ब्रेक दाबला तर मागचा अंगावर येणार. गावाचा रस्ता डावीकडे वळला, कठड्यामागे खाली उतरला आणि दिसेनासा झाला. मास्तरांकडे बघावं तर चेहऱ्यावर कसली काळजी म्हणून नाही.

तिला रडू फुटलं.

मास्तरांनी तिच्याकडे एकवार बघितलं. नव्या शिकाऊ बाईला धीर द्यावा तसे ते समजुतीने म्हणाले, "घाबरू नका ताई. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. तुमचं ठिकाण आलं की सांगा, मी सोडतो."

पुढची कमान दिसायला लागली होती. मास्तर ती वाचायला सरसावून बसले.

मुलीचा पाय ब्रेकवर होता. तिच्या बाजूला ब्रेक होता, क्लच होता. स्टिअरिंग नव्हतं.