पुढची जागा

डॉक्टर ली आज येणार नव्हते. आदल्या संध्याकाळी सीताबर्डीवरच्या दवाखान्याला कुलूप लावून ते कलकत्त्याला, लेकीकडे, कायमचे निघून गेले होते. सक्करदरा तलावाच्या पाळीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सवयीनं सगळे आले आणि पुढची जागा सोडून ओळीनं उभे राहिले.

त्या जागेच्या लगेच मागे मधुसूदन सर होते. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. वर्गात बोलले की फाटकाशी ऐकू जायचं. मग घशाचा कॅन्सर निघाला. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं आणि त्यावर पांढरा रुमाल आला. नोकरी सुटली. भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलत आणि उत्तराची वाट न पाहता त्यांच्या बायकोकडे, प्रेमलताबाईंकडे वळत. सर घरातल्या घरात पाहुण्यासारखे झाले. कोणी भेटू नये म्हणून ते उजाडताच तलावावर जाऊ लागले.

तिथे डॉक्टर ली, दातांचे चिनी डॉक्टर, एकटेच ‘ताई ची’ हा चिनी व्यायाम करत. पाण्यातून चालावं तसे संथ. एका पायावरचा भार दुसऱ्यावर कधी गेला ते कळायचं नाही. सर काही दिवस नुसते पाहत राहिले, मग त्यांच्या मागे उभे राहून करू लागले. ऑपरेशनपासून त्यांचा खांदा पडला होता, मान आखडली होती. डॉक्टरांनी कधी काही विचारलं नाही. सरांना तेच हवं होतं. हळूहळू खांदा सुटला, झोप लागू लागली, आणि सकाळची ओढ वाटू लागली.

माणसं वाढत गेली. पाळ अरुंद, म्हणून एकामागे एक. सरांच्या मागे कुसुमताई असत. त्यांचंही छातीचं ऑपरेशन झालं होतं, हात वर जात नव्हता, एवढं सरांना प्रेमलताबाईंकडून कळलं होतं. स्वतः ते कधी मागे वळले नाहीत. वळलं की कोणीतरी बोलेल, ही धास्ती.

आज थोडा वेळ सगळे तसेच थांबले. मग कोणीतरी म्हणालं की आता दाखवणारंच कोणी नाही, तर घरी गेलेलं बरं. ओळ मोडली. सरांनी चपला पायात सरकवल्या. उद्यापासून पुन्हा घर आणि ती ओरडून बोलणारी माणसं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

कुसुमताई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही उभे राहा ना पुढे."

सरांनी रुमालावर बोट ठेवलं आणि मान हलवली. शिकवणारा माणूस त्या ऑपरेशनच्या टेबलावरच संपला, हे या बाईला कसं सांगावं?

कुसुमताई हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात सावकाश उचलले आणि थेट डोक्याच्या वर नेले.

"डॉक्टर ठेंगणे होते, सर. तुमच्या मागून मले ते कधी दिसलेच नाही. मी तं इतके दिवस तुमचंच पाहून करून राहिली."