रविवारची तपासणी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही संगणकाचं बटण दाबलंत. मग दात घासलेत, दूध प्यायलात, बुटांच्या नाड्या बांधल्यात, बूट उलटसुलट पायांत गेले म्हणून पुन्हा सोडून बांधल्यात. तरी पडद्यावरचं ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे! आजोबांचा संगणक अगदी असा होता.

"आजोबा, हा संगणक नाही, गोगलगाय आहे," खारूताई म्हणाली.

"गोगलगायीला राग येईल हो. ती निदान पोचते तरी."

खारूताई म्हणजे आजोबांची नात. वय वर्षं दहा. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून हे नाव. गेले पाच रविवार तिचे बाबा तिला दुपारी आजोबांकडे सोडून जात आणि ती संगणकाशी झटापट करी. चार वाजले की तिला सफरचंद लागे. तेही साल काढून, पातळ फोडी करून. आजोबा हौसेने करून आणत.

आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा हा माणूस संगणकासमोर बसला की मात्र पार वेंधळा होई. आता एक गुपित सांगायचं आहे, ते पोटात ठेवा. हा वेंधळेपणा खोटा होता. संगणक आजोबाच बिघडवत होते!

दर शनिवारी ते एखादा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेत. कधी हवामान सांगणारा, कधी पडद्यावर मासे पोहवणारा. संगणक सुरू होताच तोही सुरू होईल, अशी सोय करून ठेवत. कारण तिच्या बाबांनी बजावलं होतं, "हे काम संपलं की रविवारी तुझा पोहण्याचा वर्ग." काम संपलं की नातही संपली. मग ते संपू कशाला द्यायचं?

आज मात्र बाबा दारातच म्हणाले, "अप्पा, आज शेवटचा रविवार. साडेचारला येतो. दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर हे डबडं भंगारात. नवा आणू."

आजोबांनी मनात हिशेब मांडला. दुरुस्त झाला तरी रविवार जाणार, नाही झाला तरी जाणार.

खारूताईने वही उघडली. संगणक साफ करणारे तीन प्रोग्राम, म्हणजे तीन सफाईवाले, तिने निवडून आणले होते.

"हा पहिला, झाडूवाला. उघडल्या उघडल्या ओरडतो, तुमच्या संगणकात नऊशे बारा चुका!"

"तपासलं कधी त्याने?"

"तेच ना! अजून आत पाऊलही टाकलं नाही."

"घड्याळ न उघडताच बिघाड सांगणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. मार काट."

"दुसरा ससा. एका टिचकीत वेग वाढवतो म्हणे. पण येताना बरोबर आणखी चार प्रोग्राम आणतो."

"म्हणजे राहायला एकटा येणार आणि मागून सगळं गणगोत! त्यालाही काट." हे म्हणताना आजोबा किंचित खोकले.

"तिसऱ्याला साधं चित्रही नाही. तो म्हणतो, काहीही साफ करण्याआधी सगळ्याची प्रत काढून बाहेर ठेवा."

"हा खरा कारागीर!" आजोबांना राहवलं नाही. "मीसुद्धा घड्याळ उघडलं की आधी आतलं चित्र काढायचो. कुठला स्क्रू कुठला, विसरलो तर?"

ती चारशे चित्रं या संगणकातच होती. खारूताईने बाहेरची डिस्क जोडली आणि एकूण एक चित्राची प्रत तिच्यात उतरवली. मग डिस्कमधलं एक चित्र उघडूनही पाहिलं.

"नुसती प्रत काढून भागत नाही, आजोबा. ती उघडते का, ते बघायचं."

"बरं, बाई. लक्षात ठेवतो."

चार वाजले. आजोबा स्वयंपाकघरात गेले. आज त्यांनी साल फारच सावकाश काढली. जितका वेळ लांबेल तितका बरा.

ते बशी घेऊन परतले तेव्हा तपासणी होऊन गेली होती. पडद्यावर यादी होती: संगणकाला दमवणारे प्रोग्राम, आणि पुढे ते कोणत्या वारी, किती वाजता आत आले, ते.

आजोबांची नजर वरच्या पाच ओळींवर गेली. हवामान, शनिवार. मासे, शनिवार. शनिवार, शनिवार, शनिवार. त्यांचे कान गरम झाले.

"खारूताई," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "रागावू नकोस. हे सगळं मीच केलंय. तू येत राहावंस म्हणून."

खारूताई वळली नाही. दोन्ही तळवे तिने यादीच्या खालच्या भागावर घट्ट दाबून धरले होते आणि तिचे कान आजोबांपेक्षाही लाल झाले होते.

"हात काढ बघू."

"नको."

"खारूताई!"

तळवे हळूहळू खाली सरकले. त्यांच्यामागे आणखी आठ ओळी होत्या. आठही रविवारच्या. आठही चार ते सव्वाचारच्या.

आजोबा असे काही हसले की फोडी बशीतून उडून जमिनीवर गेल्या. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. खारूताईने तेराच्या तेरा प्रोग्राम एका दमात काढून टाकले. मग 'यापुढे प्रत केव्हा काढायची?' असं त्या तिसऱ्या कारागिराने विचारलं, तेव्हा 'रोज आपोआप' सोडून तिने 'दर रविवारी, हाताने' यावर टिचकी मारली आणि गंभीर चेहरा करून बाबांना दार उघडायला गेली.