दाराआड कोण?

आजोबांनी ऑपरेशनला साफ नकार दिला होता. मात्र नातीच्या कंपनीने काढलेल्या भल्यामोठ्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवर लोळत संपवला होता, आणि तो नेमका एका बंद दारापाशी थांबला होता.

"अगं, एवढा मोठा गेम असा तुकड्यातुकड्याने काय काढता? दाराआड कोण आहे, सांग!"

"लहानपणी गोष्ट अर्ध्यावर थांबवून मला दूध कोण प्यायला लावायचं? आधी ऑपरेशन, मग दार."

"माझीच विद्या माझ्यावर उलटवतेस, कार्टे!" म्हणत त्यांनी संमतीपत्रावर सही ठोकली.

नात लगबगीने बाहेर आली आणि तिने ऑफिसला फोन लावला.

 

"दाराआड कोण आहे, ते आजोबा शुद्धीवर यायच्या आत ठरवा रे!"