धूसर केलेला चेहरा

गावचं केबल चॅनेल पुण्याच्या कंपनीने विकत घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी तिचे मॅनेजर पेढे घेऊन आले. कुणाचीही नोकरी जाणार नाही म्हणाले, तेव्हा एडिटिंगला बसणाऱ्या हेमाताईंच्या जिवात जीव आला.

मॅनेजर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "ताई, तुमची ती दगडखाणीची बातमी मी चारदा पाहिली. खाणीत मेलेले दोन मजूर गुपचूप पुरले, असं सांगणारी ती बाई! तिचा चेहरा इतक्या सफाईने कसा पुसलात हो? आवाजही ओळखू येत नाही."

इतक्या वर्षांत असं कौतुकाने कुणी विचारलं नव्हतं. हेमाताई खुलल्या. "पुसत नाही आम्ही साहेब, वरून फक्त धूसर करतो. मूळ शूटिंग जसंच्या तसं असतं." त्यांनी मागचं कपाट उघडून दाखवलंसुद्धा. ओळीने लावलेल्या हार्ड डिस्क, प्रत्येकीवर त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी.

"वा! मग तेच द्या. मालक खाली गाडीपाशी थांबलेत, त्यांना बघायचंय."

हेमाताईंनी उत्सुकतेने खिडकीतून डोकावलं. खाली त्याच दगडखाणीचे मालक तात्या उभे होते. त्यांनी वर बघून हसत हात जोडले.

"ती डिस्क खराब झालीय, साहेब," म्हणत त्या वळल्या.

डिस्क मॅनेजरच्या हातात होती. चिठ्ठी ते सावकाश, मोठ्याने वाचत होते. बाईचं नाव, वाडीचं नाव आणि पुन्हा जायचं झालं तर सापडावं म्हणून हेमाताईंनीच खाली लिहिलेलं, "ओढ्यापलीकडचं शेवटचं घर. एकटीच असते."