तिसरी चूक

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीच्या बाई वह्या तपासत होत्या. एका वाक्यात चांगल्या तीन चुका होत्या, तरी त्यांनी बरोबरची खूण केली.

"फार सढळ हात हो तुमचा," गणिताचे सर डबा उघडत म्हणाले.

"लहान आहे. काय म्हणायचंय ते कळतंय ना, झालं तर."

फोन वाजला. गळ्यातल्या नळीनं श्वास घेणाऱ्या मुलांच्या आईबापांचा एक ऑनलाइन गट होता. माणसं जगभरची, व्यवहार सगळा इंग्रजीत. बाईंच्या मुलाची नळी निघून दोन वर्षं झाली होती, पण गट सांभाळणाऱ्या पाच जणांत त्या अजून होत्या.

निरोप एका आईचा होता, बाईंच्याच भाषेत.

‘ताई, नावावरून तुम्ही आपल्यातल्या वाटलात. मला इंग्रजी येत नाही, मोबाईल भाषांतर करून देतो. गटातल्या नर्सनी लिहून ठेवलंय, मला बाईमाणूस धरू नका, पुरुषमाणूसही नाही, इंग्रजीतलं "दे", म्हणजे "ते", म्हणा. त्यांना मी कशाला मुद्दाम दुखवीन? पण मोबाईल काय उमटवतो ते मला वाचता येत नाही. आज तिसरी चूक झाली, आता गटातून काढणार म्हणतात. चार वाजता पोरीची नळी बदलायची आहे. नर्स गटातूनच व्हिडिओवर समोर असतात, म्हणून मला ते जमतं. बाकीच्या चौघांना एवढं समजावून सांगा ना.’

बाईंनी फोन सरांपुढे धरला. सरांनी वाचलं.

"सांगून टाका की. दोन ओळींचं काम."

"मग म्हणतील, हीसुद्धा त्यांच्यातलीच."

"आहातच की!"

बाईंनी फोन परत घेतला. नव्या असताना त्यांच्या इंग्रजीची त्या गटात पुरती टर उडाली होती. गट सांभाळायला लागल्यापासून कुणाची हिंमत झाली नव्हती. त्यांनी आईला इंग्रजीत उत्तर पाठवलं: नियम सर्वांना सारखे आहेत. कृपया इंग्रजीतच लिहावे. मग एक बटण दाबलं. यादीतून आईचं नाव गेलं.

"अहो, चार वाजता ती..." सरांचा घास हातातच राहिला.

"दवाखाने आहेत ना, सर. जेवा तुम्ही."

सुट्टी संपत आली तेव्हा गटात नर्सचा प्रश्न आला. ‘माझी चार वाजताची आई यादीत दिसत नाही. घाबरली असेल. तिला कुणीतरी सांगा, मी इथेच आहे.’

बाईंनी बिनचूक इंग्रजीत लिहिलं, ‘त्या स्वतःच गट सोडून गेल्या.’

‘मला न सांगता?’

‘मनाला लावून घेऊ नका,’ बाईंनी लिहिलं. ‘तिकडची माणसं असतातच तशी.’