लामाश्तूची पाठवणी

सकाळी सहा वाजता सोलापूरच्या एका रुग्णालयात तान्ह्या बाळाचे हृदययंत्र स्वतःला ‘लामाश्तू’ म्हणवणाऱ्या एका बोलक्या प्रोग्रॅमने बळकावले. तो पुसायला गेले की ठोके मंदावत.

त्या नावामुळे बोलावलेल्या प्राचीन लिपींच्या अभ्यासक डॉ. रेहाना बागवान म्हणाल्या, “हाकलू नका. बाळं पळवणाऱ्या लामाश्तू राक्षसिणीला बाबिलोनी मांत्रिक शिदोरी आणि गाढव देऊन वाटेला लावत.”

“गाढव कुठून आणू, मॅडम?” अभियंता काशिदने विचारले.

“तुमचा रिकामा सर्व्हर चालेल.”

काशिदने सर्व्हर जोडला, शिदोरी म्हणून त्यात आईची अंगाई भरली. प्रोग्रॅम यंत्रातून निघाला. ठोके स्थिर झाले, बाळ दूध प्यायले, वॉर्डात टाळ्या वाजल्या.

जाताना पडद्यावर उमटले: “येते.”

“निघताना असंच म्हणतात,” काशिद म्हणाला.

दुपारपर्यंत तो सर्व्हर बंद करायला कोणी धजावले नव्हते.